जाहिरातीतली नोकरी आणि मधला माणूस

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या याच सदरात काही दिवसांपूर्वी डिचोलीच्या एका आईचे पत्र वाचले. मुलीने उपयोजित कलेची पदवी घेतली, वर्ष होत आले तरी नोकरीचा पत्ता नाही, आणि आता एका प्लेसमेंट कन्सल्टंटने मुंबईतल्या जाहिरात संस्थांत मुलाखती लावून देण्यासाठी १५ हजार रुपये नोंदणी शुल्क मागितले आहे. ते भरावे की भरू नये, आणि मुळात ही माणसे जाहिरातीतली नोकरी मिळवून देऊ शकतात का, असा त्या माउलीचा सरळ प्रश्न होता. कोणी जाणकार उत्तर देईल म्हणून मी वाट पाहिली. कोणी दिले नाही, तेव्हा स्वतःच लिहायला बसलो. मुंबईतल्या लहानमोठ्या चार जाहिरात संस्थांत मी २६ वर्षे काढली. सुरुवात स्टुडिओत पेस्ट-अप (मजकूर आणि चित्रे कापून पानावर चिकटवणे) करण्यापासून झाली आणि अखेरच्या काही वर्षांत नवी माणसे निवडण्याचे कामही माझ्या गळ्यात होते, त्यामुळे नोकरी मागणारा आणि नोकरी देणारा अशा दोन्ही नात्यांनी या कन्सल्टंट मंडळींशी माझा संबंध आला आहे.

उत्तर आधी सांगतो: पैसे भरू नयेत. कारण मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण ‘तो माणूस लबाड असेल’ एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. तो अगदी प्रामाणिक असला, तरी त्या मुलीला आज त्याचा फारसा उपयोग होणार नाही, असे माझे मत आहे.

आपल्या गोव्यात नोकरी आणि एजंट हे दोन शब्द जोडीनेच येतात. घरातला एक जण बोटीवर आणि दुसरा आखातात, अशी कुटुंबे सासष्टीत आणि बार्देशात वाड्यावाड्यांत सापडतात. पूर्वी मुंबईला गेलेला तारवटी, म्हणजे खलाशी, धोबीतलावच्या किंवा माझगावच्या आपल्या गावाच्या कुडीत (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) पथारी टाकायचा आणि बोटीचे बोलावणे येईपर्यंत तिथेच राहायचा; कोणत्या कंपनीत माणसे घेताहेत, ही बातमी त्याला गावच्याच कोणा माणसाकडून त्या खोलीत बसल्या बसल्या कळायची. कुडींचे ते दिवस मागे पडले आणि ती जागा बऱ्याच अंशी एजंटांनी घेतली. त्यामुळे नोकरी हवी म्हणजे आधी एजंट गाठला पाहिजे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की मुलगी चित्रकार असो वा मुलगा कॉपीरायटर (जाहिरातीचा मजकूर लिहिणारा), आईबापांचे पाय प्रथम त्याच दिशेला वळतात.

पण बोटीवरच्या नोकरीत एजंटचा उपयोग का होतो, हे पाहिले पाहिजे. तिथे माणसाची लायकी कागदावर लिहिलेली असते. सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदवही) आहे, एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवरच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचे) कोर्स झालेले आहेत, मागच्या कराराची नोंद आहे, वैद्यकीय तपासणी झालेली आहे, एवढे पाहिले की मोटरमन हवा तिथे मोटरमन आणि कुक हवा तिथे कुक धाडता येतो. शिवाय त्या व्यवसायाला कायद्याचा लगाम आहे. खलाशांची भरती करणाऱ्याला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. परदेशातल्या इतर नोकऱ्यांसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून त्याने किती शुल्क घ्यावे यालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. (हे नियम प्रत्यक्षात किती पाळले जातात, हा निराळ्या पत्राचा विषय.) जाहिरातीच्या व्यवसायात यातले काहीच नाही. कॉपीरायटरला सीडीसी मिळत नाही. अक्षरांची जाण आहे का, रिकामी जागा कुठे सोडायची ते कळते का, क्लायंटने तिसऱ्यांदा नापसंती दाखवल्यावर चौथी कल्पना सुचते का, यातले काहीही पदवीच्या कागदावर उमटत नाही. कागद वाचून माणूस पाठवणे हाच ज्याचा धंदा, त्याची इथे पहिल्याच पायरीवर पंचाईत होते.

आता कन्सल्टंटचे पोट कशावर चालते ते सांगतो, कारण उमेदवारांना आणि त्यांच्या पालकांना ते सहसा कोणी सांगत नाही. कन्सल्टंट हा उमेदवाराचा माणूस नसतो. तो कंपनीचा माणूस असतो आणि त्याला पैसे कंपनी देते. आपल्या देशात रुळलेला दर म्हणजे नेमलेल्या माणसाच्या वार्षिक पगाराचे ८.३३ टक्के, अर्थात एक महिन्याचा पगार. वरच्या जागांसाठी तो याहून अधिक असतो. नेमलेला माणूस ठरावीक मुदतीत, बहुधा ९० दिवसांच्या आत, सोडून गेला तर बदली माणूस फुकट शोधून द्यायचा, अशीही अट असते. हिशेब करून पाहा. वर्षाला ३ लाख ६० हजारांवर एखादी नवी मुलगी लावून दिली तर कन्सल्टंटच्या हाती सुमारे ३० हजार रुपये पडतात. वर्षाला २४ लाख घेणारा क्रिएटिव्ह डिरेक्टर बसवला तर २ लाख. फोन दोन्हीकडे तितकेच करावे लागतात. त्यात नवी मुलगी खोलीच्या भाड्याला आणि लोकलच्या गर्दीला कंटाळून दोन महिन्यांत घरी परतली, तर ते ३० हजारही पाण्यात. शिवाय, नवख्या मुलामुलींसाठी जाहिरात संस्थेला कन्सल्टंट लागतच नाही. कला महाविद्यालयांचे निकाल लागले की इंटर्नशिप मागणाऱ्यांची रांग दाराशी उभी असते, आणि ती फुकट असते. तेव्हा फ्रेशरसाठी कंपनीकडून कन्सल्टंटला काही मिळण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणूनच काही जण उलट फ्रेशरच्याच खिशात हात घालतात. देशातल्या देशात नोकरी लावून देणारा चांगला कन्सल्टंट उमेदवाराकडे पैसे मागत नाही, हा या धंद्यातला जुना संकेत आहे, आणि त्या आईला आलेली मागणी या एका संकेतावर घासून पाहिली तरी पुरे.

आता माझ्या अनुभवातली एक गोष्ट. २०१० च्या सुमारास आमच्या संस्थेला देवनागरी अक्षरांचे अंग असलेला एक व्हिज्युअलायझर (जाहिरातीची कल्पना चित्रात मांडणारा) हवा होता. आमच्या एचआर विभागाने नेहमीप्रमाणे एका कन्सल्टंटला कळवले आणि दोनच दिवसांत ३८ सीव्ही येऊन पडले. मी संध्याकाळी चहा घेऊन एकेक उघडू लागलो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर कन्सल्टंटचा लोगो, खाली सर्वांचा मजकूर एकाच साच्यात ओतलेला, आडनावाच्या जागी फक्त आद्याक्षर, आणि फोन, ईमेल, पोर्टफोलिओची लिंक हे सारे पुसून टाकलेले. पोर्टफोलिओच्या रकान्यात ३८ वेळा एकच वाक्य होते: ‘मागणी केल्यास पाठवू.’ मी त्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, लिंकमध्ये कँडिडेटचे नाव असते ना, म्हणून ती काढून टाकावी लागते. नाही तर क्लायंट थेट त्यालाच फोन करतात.” त्याच्या बाजूने तो बरोबर होता, उमेदवार परस्पर नेमला गेला तर त्याचे शुल्क बुडणार. पण ज्या एका गोष्टीवरून आम्ही माणूस निवडणार होतो, नेमकी तीच गोष्ट काढून टाकून त्याने आम्हाला ३८ माणसे दाखवली होती. मागणी केल्यावर नवव्या दिवशी कामे आली, तीही फाइल हलकी करण्याच्या नादात इतकी दाबून बारीक केलेली, की वेलांट्या कुठे वळतात तेच दिसेना.

ती जागा शेवटी भरली कशी, तेही सांगतो. आमच्या हिशेबनिसाच्या टेबलामागे एका छापखान्याचे भिंतीवरचे कॅलेंडर टांगलेले होते. त्यावर महिन्यांची नावे हाताने काढलेली होती आणि ‘ज्येष्ठ’मधला ज्ये असा काही बसवला होता, की मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. छापखान्यात फोन करून ही अक्षरे कोणी काढली ते विचारले. नालासोपाऱ्याची एक मुलगी होती, शिकवण्या घेऊन फावल्या वेळात अशी कामे करायची. तिचा सीव्ही कोणत्याच कन्सल्टंटकडे नव्हता, आणि असता तरी त्याच्या साच्यात तो ज्ये मावला नसता.

कन्सल्टंटच्या अर्जात रकाने कोणते असतात ते आठवून पाहा: कोणती सॉफ्टवेअर येतात, किती वर्षांचा अनुभव, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरीयड. या चाळणीतून नेटकी माणसे खाली उतरतात, यात वाद नाही. हिशेबनीस, सर्व्हर सांभाळणारा किंवा रुग्णालयाचा व्यवस्थापक शोधायचा असेल तर हीच चाळणी चालते. पण आपल्या जाहिरात व्यवसायातले सर्वांत ठळक नाव म्हणजे पीयूष पांडे (ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले) हे १९८२ साली ओगिल्वी या जाहिरात संस्थेत रुजू झाले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे ग्राहक कंपन्यांशी बोलणी सांभाळणाऱ्या विभागात, आणि त्याआधी ते चहाची चव पारखणारे होते आणि राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळले होते. ‘कॉपीरायटर, अनुभव ३ वर्षे’ या रकान्यात असा माणूस कोणी कधी पाठवला नसता. दुसरे उदाहरण जोडीचे. १९६६ पासून आपण ज्या अमूलच्या मुलीला ओळखतो, तिच्यामागे जाहिरातकार सिल्व्हेस्टर डा कुन्हा आणि चित्रकार यूस्टस फर्नांडिस अशी दोन माणसे होती. जाहिरातीत लिहिणारा आणि काढणारा अशी जोडी जमली की ती बरोबर काम करते, पुष्कळदा नोकरीही बरोबरच बदलते. आमच्याकडे तर अशा एका जोडीने मुलाखतही एकाच खोलीत, एकमेकांची वाक्ये पुरी करत दिली होती. कन्सल्टंटच्या अर्जावर नावासाठी ओळ एकच असते.

मराठीत लिहिणाऱ्यांची याहून वाईट गत होते, आणि गोव्यातल्या मुलांच्या दृष्टीने हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘मराठी कॉपीरायटर पाहिजे’ अशी मागणी संस्थेतून निघते, पण कन्सल्टंटच्या यादीत ती बहुधा ‘ट्रान्सलेटर’ या नावाखाली जाऊन बसते, कारण मराठीत कोणी विचार करतो, हेच त्या यादी करणाऱ्याच्या गावी नसते. मग अनुवादकाला द्यायचा दर येतो, शब्दावर मोजलेला. माझ्या माहितीतल्या एका मुलाला शब्दाला एक रुपया देऊ केला होता. जाहिरातीतला चांगला मथळा चार शब्दांचा. म्हणजे रात्रभर जागून तो सुचला तर चार रुपये, आणि नाहीच सुचला, तर बारा शब्दांचा रटाळ मथळा लिहून बारा रुपये! अशा व्यवहारातून ‘आता प्रत्येक घर स्मित करेल’ असली मराठी फलकांवर झळकते आणि आपण मेरशीच्या चौकात सिग्नलला थांबून ती वाचतो. गोव्यातला मुलगा घरात कोंकणी बोलतो, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकतो, हिंदी तर टीव्हीवरूनच उचलतो. चार भाषांत कान तयार असणे ही जाहिरातीत फार मोठी शिदोरी आहे. अर्जात मात्र ‘भाषा’ या रकान्यासमोर तो चार नावे लिहितो आणि त्या शिदोरीची किंमत तिथेच संपते.

तरीही सर्व कन्सल्टंटांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. मुंबईत मला एक बाई माहीत होत्या. स्वतः दहा-बारा वर्षे क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये काढून मग त्यांनी हे काम घरून सुरू केले होते. एका वेळी सहा-सात संस्थांपेक्षा जास्त कामे त्या घेत नसत. मी स्वतः तिसरी नोकरी बदलली ती त्यांच्यामार्फत. त्यांनी माझा पोर्टफोलिओ जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि पाच मिनिटांत चार कामे बाजूला काढली. त्यातले एक माझे सर्वांत लाडके होते. “हे तुमच्या बॉसचे वाटते, तुमचे नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. पगाराचे बोलणेही त्यांनीच केले. स्वतःच्या तोंडाने मी जो आकडा कधी उच्चारला नसता, तो त्यांनी फोनवर सहज सांगितला आणि पलीकडच्याने फारशी कुरकुर न करता मान्य केला. आहे त्या नोकरीत कोणाला कळू न देता दुसरीकडे चाचपणी करायची असेल, तीन महिन्यांचा नोटीस पिरीयड दोनावर आणायचा असेल, दुबईतल्या संस्थेत जागा निघाली आहे ती खरी की खोटी हे पाहायचे असेल, तर असा माणूस पाठीशी असण्यासारखे सुख नाही. पण हे सर्व कोणाला उपयोगी पडते? ज्याच्या गाठीशी पाच-सहा वर्षांचे छापून आलेले काम आहे, त्याला. त्या बाईंकडे नुकतीच पदवी घेतलेली मुलेही येत. त्या त्यांना चहा देत आणि स्वच्छ सांगत की मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही, दोन वर्षांनी या.

आजची परिस्थिती नव्या मुलांना अधिकच जड आहे, हेही लपवू नये. जाहिरातीतल्या मोठ्या समूहांची एकमेकांत विलीनीकरणे चालू आहेत. २०२३ मध्ये वंडरमन थॉम्पसन आणि व्हीएमएलवाय अँड आर या दोन संस्थांची एक करण्याचे जाहीर झाले, २०२५ मध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक हा समूहच घेतला. अशा प्रत्येक वेळी काही अनुभवी माणसे बाहेर पडतात, आणि कन्सल्टंटच्या टेबलावर त्यांचे अर्ज वर आणि फ्रेशरचे खाली, असा ढीग आपोआप लागतो. पूर्वी नवी मुले जे हमाली काम करत शिकायची, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रे काढणे किंवा एकाच जाहिरातीची वीस मापे करणे, तेही आता बरेचसे संगणकच करू लागला आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या आईला आणि मुलीला सावध केले पाहिजे, कारण पैसे मागण्यापेक्षा ती अधिक सभ्य दिसते. मुलाखतीपूर्वी ‘असाइनमेंट’ दिली जाते. एक ब्रीफ (काय काम हवे ते सांगणारा कागद) पाठवतात आणि चार दिवसांत तीन कल्पना मागतात. एखादा दिवस पुरेल एवढी कॉपी टेस्ट योग्यच आहे. आम्हीही देत होतो, पण ती बनावट मालाची असायची, जसे की न विरघळणारा साबण. परंतु खऱ्या क्लायंटचे खरे काम, तेही संपूर्ण मोहिमेसकट, कोणी फुकट मागत असेल तर ती परीक्षा नसून वेठ आहे. माझ्या ओळखीतल्या फोंड्याच्या एका मुलाने अशा एका असाइनमेंटसाठी सहा पोस्टरे करून दिली. नोकरी मिळाली नाही, आणि दोन महिन्यांनी त्यातल्या एका पोस्टरची कल्पना त्याला फेसबुकवर भेटली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या माणसाने असे विनामोबदला केलेल्या कामाचा पहिला मालक तो स्वतःच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सही केलेला कागद लागतो. तेव्हा प्रत्येक असाइनमेंटवर आपले नाव आणि तारीख घालावी, ती स्वतःच्या ईमेलवरून पाठवावी, आणि कन्सल्टंट मध्ये असला तरी एक प्रत थेट संस्थेला जाईल असे पाहावे. नुसत्या कल्पनेला हा कायदा संरक्षण देत नाही, हे खरे. पण ती ज्या चित्रात आणि शब्दांत उतरली, त्याला देतो.

मग पहिली नोकरी मिळते कशी? मला कशी मिळाली, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो. १९८९ साली मी पणजीहून रात्रीच्या बसने मुंबईला गेलो. मांडीवर काळी पोर्टफोलिओची बॅग होती आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला ती सरकून शेजाऱ्याच्या गुडघ्याला लागायची. आमच्या कवळ्याचे एक गृहस्थ फोर्टमधल्या एका संस्थेच्या स्टुडिओत फिनिशिंग आर्टिस्ट होते. त्यांची ओळख एवढेच भांडवल. त्यांनी मला साहेबांच्या खोलीत नेले नाही. स्टुडिओतल्या एका रिकाम्या टेबलाशी बसवले, ब्रोमाइडची (छपाईसाठी फोटोच्या कागदावर उतरवलेल्या मजकुराची) एक पट्टी, रबर सोल्यूशनचा डबा आणि कटर पुढे ठेवला आणि म्हणाले, “हा कॉलम सरळ चिकटवून दाखव.” तीन तासांनी आर्ट डिरेक्टर तिथून जाताना थांबला, त्याने माझी बॅग उघडून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशीपासून मी रोजंदारीवर लागलो. आज ब्रोमाइड नाही, घासून उमटवायच्या अक्षरांचे लेट्रासेट नाही, रोट्रिंग पेनात शाई सुकण्याची कटकट नाही. पण काम ज्याला कळते, त्याच्या नजरेला ते पडणे, ही पायरी तीच आहे. लोटलीचे मारियो मिरांडा हेही व्यंगचित्रकार म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी मुंबईत जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी करत होते, आणि त्याच्याही आधी त्यांच्या चित्रांनी भरलेल्या रोजनिश्या होत्या. नोकरीसाठी कोणी त्या भरायला सांगितल्या नव्हत्या.

आपल्याकडे पणजीच्या आल्तिनोवर १९७२ पासून गोवा कला महाविद्यालय आहे. तिथून उपयोजित कला शिकून बाहेर पडलेली माणसे आज मुंबई, पुणे, बंगळूर आणि आखातातल्या संस्थांत बसलेली आहेत. एखाद्या संस्थेत जागा निघण्यापूर्वी आठ दिवस ती निघणार असल्याचे ज्यांना कळते, ती माणसे हीच. कन्सल्टंटपर्यंत ही बातमी पोहोचते तेव्हा ती शिळी झालेली असते. धोबीतलावच्या कुडीत खलाशाला जे मिळायचे, ते या मुलांना या माजी विद्यार्थ्यांकडून मिळू शकते. त्यासाठी महाविद्यालयाने त्यांची एक नीट यादी ठेवावी आणि वर्षातून एकदा त्यांना विद्यार्थ्यांची कामे पाहायला बोलवावे, एवढेच लागेल.

आणि दुसरी संधी तर आपल्या अंगणात येऊन परत जाते. जाहिरात संस्थांची देशव्यापी संघटना २००६ पासून गोव्यात ‘गोवाफेस्ट’ हा जाहिरात महोत्सव भरवते, आणि पुढे ॲडव्हर्टायझिंग क्लबही त्यात सामील झाला. मध्ये काही वर्षे खंड पडला, २०२४ मध्ये तो मुंबईत झाला, २०२५ मध्ये दोनापावलाला परत आला. देशातले बहुतेक मोठे क्रिएटिव्ह डिरेक्टर त्या तीन दिवसांत आपल्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असतात, आणि आपला त्यांच्याशी संबंध येतो तो हॉटेलांच्या खोल्या आणि टॅक्सी पुरवण्यापुरता. या महोत्सवाला गोव्याचे नाव लावले जाते, तेव्हा गोव्यातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यातली एक दुपार राखून ठेवा, प्रत्येकाला दहा मिनिटे द्या आणि त्याचे काम पाहून चार खडे बोल ऐकवा, अशी मागणी कला व संस्कृती खात्याने किंवा महाविद्यालयाने आयोजकांकडे का करू नये? यात सरकारचा पैसा जात नाही, फक्त एक पत्र जाते.

शेवटी त्या १५ हजारांविषयी. डिचोलीहून मुंबईला जाण्यायेण्याचे भाडे, उपनगरात कोणा नातेवाइकाकडे किंवा वाटून घेतलेल्या खोलीत पंधरा दिवसांची सोय, लोकलचा पास आणि चांगल्या कागदावर दहा कामांचे प्रिंट, एवढे सारे काटकसरीने त्यात बसते, असा माझा अंदाज आहे. मुलीने जाण्यापूर्वी ज्या संस्थांचे काम तिला आवडते, अशा आठ-दहा संस्थांतल्या आर्ट डिरेक्टरांना, एचआर विभागाला नव्हे, दोन ओळींचे पत्र आणि लिंक पाठवावी. दहातल्या दोघांनी उत्तर दिले तरी प्रवास वाया जाणार नाही. निघण्याआधी तिला आपली कामे कोणाला दाखवावीशी वाटली, तर मी रविवारी घरी असतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, तो त्या आईला कळवण्यास माझी हरकत नाही. कामे मात्र दहाच आणावीत, आणि त्यात मास्तरांनी हात लावलेले एकही नसावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त कलादिग्दर्शक
कवळे, फोंडा